एकोडी ते साकोली, साडेतीनशे सीसीवर

गाडी बदलायची हे मी चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. कोणती घ्यायची, यावर घोडं अडलं होतं.

सध्याची माझी गाडी शंभर सीसीची आहे. काळी, चौदा वर्षं जुनी, टाकीवर उजव्या बाजूला एक पोचा. मी भंडाऱ्यात जमीन मोजणीच्या खात्यात आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जायचं, बांधावर उभं राहून हद्दी काढून द्यायच्या आणि दोन्ही शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. एवढ्या वर्षांत या गाडीनं मला एकदाही वाटेत सोडलं नाही. लिटरला साठच्या वर देते, चिखलात रुतली तर एकट्यानं उचलता येते. तरी मला ती डोळ्यांसमोर नको होती. त्याचं कारण पुढं सांगतोच.

दोन महिने मी भंडाऱ्यातल्या आणि नागपूरच्या शोरूमवाल्यांच्या डोक्याला ताप दिला. एकशेसाठ चालवून पाहिली. चपळ आहे, पण हायवेवर ट्रकच्या बाजूनं निघताना मागं कोणी बसलेलं असेल तर तिचा दम पुरत नाही. दोनशे चालवली. पळते छान, पण बसावं लागतं पुढं वाकून, आणि दिवसभर बांधावर वाकणाऱ्या माणसाला रस्त्यावर पुन्हा वाकायची हौस नसते. उरली साडेतीनशे. ती शोरूमच्या आवारात चालवून काही कळत नाही. माझा ऑफिसातला मित्र देवा याच्याकडे ती आहे. तो म्हणाला, "दोन दिवस ने गा. जिल्हा फिरून ये. मंग एक तं घेशील, नाही तं नाव काढणार नाहीस."

मी हो म्हणालो. कुठं जायचं हे त्याला सांगितलं नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात पाहुण्यांचा नुसता लोंढा. एकोडी हे माझ्या आईचं माहेर. चार वर्षांपूर्वी आई, बाबा आणि मी मंडईला मामाकडे गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमारास बाबांच्या छातीत दुखायला लागलं. अंगाला दरदरून घाम सुटला. गावातून बाहेर पडायच्या रस्त्यावर मंडईची दुकानं मांडलेली, पुढं डांबरी रस्त्यावर अर्ध्यापर्यंत धान वाळत घातलेलं, चारचाकी बाहेर काढायची सोय नव्हती. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण वाट पाहण्याचा धीर आम्हाला झाला नाही. मी माझी शंभर सीसी काढली. मध्ये बाबा, मागं मामा, मामाचे दोन्ही हात बाबांच्या भोवती. तिघांनी बसणं कायद्यात बसत नाही हे मलाही माहीत आहे. त्या सकाळी दुसरं काही सुचलं नाही.

साकोलीच्या दवाखान्यात पोचायला एकतीस मिनिटं लागली. सगळा वेळ मामा मागून ओरडत होता, "चाल बाबू, चाल." गाडीचा कान पिळून झाला होता, ती याहून जोरात पळत नव्हती. बाबांच्या छातीचा भार माझ्या पाठीवर होता. दवाखान्याच्या फाटकापर्यंत होता. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

आई दुकानांतून पायी वाट काढून, गावाबाहेरून ऑटोनं मागून आली. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि एकच वाक्य बोलली, "गाडी मोठी असती तं पोचले असते." पुन्हा कधी तिनं ते उच्चारलं नाही. पण मी मोजणीचा माणूस. एकतीस हा आकडा डोक्यात शिरला तो निघाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं भाच्याला फार मान. मामा वयानं कितीही मोठा असो, भाचा दारात आला की वाकून त्याच्या पाया लागतो. लहानपणी मला याची लाज वाटायची, मी पळून जायचो आणि मामा हसत माझ्या मागं पळायचा. कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, तरी त्यानं कधी चुकवलं नाही. बाबा गेल्यापासून मात्र मामा माझ्या पाया लागला नाही. "ये, बस," म्हणतो आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो. मी काय ते समजून चुकलो होतो. बहिणीच्या नवऱ्याला ज्याच्यानं वेळेत पोचवणं झालं नाही, त्याच्या पाया कोण लागेल?

म्हणून मला तोच रस्ता मोठ्या गाडीवर मोजून पाहायचा होता. किती मिनिटं कमी लागली असती, ते एकदा कळायला हवं होतं. कळल्यावर काय करणार होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. गाडी घेणार होतो, एवढं नक्की.

सकाळी सातला निघालो. आईनं पोळ्या आणि तिळाची चटणी बांधून दिली. फाटकापाशी येऊन तिनं त्या गाडीकडं एकदा पाहिलं.

"हीच घेशील?"

"पाहतो."

"मामाकडं जाशील?"

"उद्या."

"मंग सांगजो, बाई बरी आहे म्हनून," ती म्हणाली आणि आत गेली. मामा तिला बाई म्हणतो. ती मामाहून चार वर्षांनी मोठी.

पहिला दिवस भंडारा, मोहाडी, तुमसर आणि तिथून पुढं मध्य प्रदेशच्या सीमेजवळ बपेरा, एवढा. मला गाडीची सवय करून घ्यायची होती. साडेतीनशे म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. स्टँडवरून उतरवताना कळतं. ही गाडी दोनशे किलोला टेकते. गल्लीत वळवताना मी दोनदा पाय टेकले आणि शेजारच्या काकांनी चहाचा कप हातात धरून ते सगळं पाहून घेतलं.

रस्त्याला लागल्यावर मात्र तिचं म्हणणं पटायला लागलं. शंभर सीसीवर ट्रकला मागं टाकायचं तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. इथं मनगट जरा वळवलं की ट्रक मागं. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून सत्तरवर जाताना इंजिन घाई करत नाही, तक्रारही करत नाही. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, काहींत कापणी झालेली, काहींत कापलेलं धान अजून पडून होतं. धुकं खाली बसलेलं आणि त्यातून एखादी बाई डोक्यावर पेंढ्या घेऊन येताना दिसायची. मोहाडीत थांबून आलूबोंडा आणि तर्री खाल्ली, वर चहा. पन्नास रुपयांत पोट भरतं. ठेलेवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जो प्रश्न दोन दिवसांत मला निदान पंधरा जणांनी विचारला, तो विचारला.

"ॲव्हरेज किती देते, भाऊ?"

"पस्तीस."

"मंग घेता कायले?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते ठेल्यावर देण्यासारखं नव्हतं.

तुमसरच्या पुढं मँगनीजचे ट्रक लागतात. त्यांची काळी धूळ दातांत येते, रुमाल जवळ ठेवा. रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे आणि तिथं मोठ्या इंजिनाचा उपयोग शून्य. खड्डा सगळ्यांना सारखाच. उलट वजनामुळं जड गाडी खड्ड्यातून काढताना खांदे भरून येतात. जाता जाता एका गोष्टीची नोंद केली. माझी गाडी जिथून पायवाटेनं बांधावर चढते, तिथं ही चढणार नाही. माझ्या कामाच्या हिशेबानं हे मोठंच वजा होतं. तरी मी ते बाजूला सारलं.

बपेऱ्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. टपरीवर चहा सांगितला. शेजारी एक मच्छीवाला आणि त्याची बायको बसले होते. त्यांची गाडी माझ्यासारखीच शंभर सीसीची, मागं दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे क्रेट बांधलेले आणि त्यांवर ओलं जाळं टाकलेलं. नवऱ्यानं साडेतीनशे निरखून पाहिली.

"इंजन मोठं आहे," तो म्हणाला.

"हो."

"वजन किती नेते?"

मी म्हणालो, एक माणूस. त्याला वाटलं मी गंमत करतो.

"माझ्या गाडीवर मी, हे, अन् चाळीस किलो मच्छी," तो बायकोकडं बोट दाखवून म्हणाला. "पोरगी सुट्टीत आली तं तेही."

"तवा मच्छी माझ्या मांडीवर राहते," बायको म्हणाली. "वर याइलेच वाटते, गाडी हेच चालवून राहिले."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो. चहाचे पैसे त्या माणसानं मला देऊ दिले नाहीत. पाहुणे तुम्ही, म्हणाला. मी त्यांची गाडी निघताना पाहिली, वळणावर ती मच्छीच्या भारानं जरा झुकली आणि सरळ झाली.

तुमसरला परत येऊन लॉजवर मुक्काम केला. खोली साधी आणि स्वच्छ होती, गाडी आत आवारात लावायला मिळाली. दिवसभरात शंभरच्या वर किलोमीटर झाले होते आणि कंबर दुखत नव्हती. वहीत लिहिलं, हायवेला उत्तम, गावरस्त्याला मध्यम, पायवाटेला नापास. खाली लिहिलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी तुमसरहून पहाटेच निघून आतल्या रस्त्यानं एकोडी गाठलं. यंदा मंडईला आठ दिवस बाकी होते, दुकानं लागायची होती, पण रस्त्यावर धान तसंच वाळत पडलेलं. आमच्याकडं या दिवसांत डांबरी रस्ता हेच सगळ्यात मोठं अंगण. अर्ध्या रस्त्यावर धान पसरायचं, कडेला ओळीनं दगड ठेवायचे, आणि उरलेल्या अर्ध्यातून जगानं ये-जा करायची. कोणी कुणाला काही बोलत नाही, कारण पुढच्या वळणावर आपल्याच कुणाचं तरी धान असतं. नवीन माणसानं ध्यानात ठेवावं, धानावरून चाक गेलं तर गाडी साबणावरून जावी तशी सरकते.

मामा अंगणात पोती झटकत होता. मला पाहून उभा राहिला. एक पाऊल पुढं आला आणि थांबला. "ये, बस," म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला.

मामी शेजारच्या शेतावर कापणीला गेली होती. मामानं चहा केला. आम्ही धानाबद्दल बोललो, तुडतुड्यानं किती खाल्लं याबद्दल बोललो. मग मी मुद्द्यावर आलो.

"मामा, माझ्यासंग साकोलीपर्यंत येता का? गाडीवर."

"काय काम आहे?"

मी खरं ते सांगितलं. हीच वेळ, हाच रस्ता. तुम्ही मागं बसा, म्हणजे वजन थोडं तरी तसंच राहील. मी वेळ लावतो. त्या दिवशी एकतीस मिनिटं लागली होती. किती वाचली असती, ते मला पाहायचं आहे.

मामानं कप खाली ठेवला. मग उठून गाडीपाशी गेला आणि मागच्या सीटवर हात ठेवला. या गाडीची पुढची सीट वेगळी, मागची वेगळी. मागची गादी लहान, आणि तिच्या मागं लोखंडी कॅरिअर.

"इथं एकच मानूस बसते?"

"एकच."

"बरं," तो म्हणाला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला बांधला आणि बसला. मी फोनवर घड्याळ सुरू केलं आणि निघालो.

मारुतीच्या देवळापाशी वळलो, मग सरळ रस्ता. गाडी पळत होती. जिथं धान नव्हतं तिथं मी ती सत्तरवर नेली, ऐंशीवर नेली. जिथं धान होतं तिथं तिला वीसवर यावंच लागलं. एक बैलगाडी आली, तिच्यामागं थांबावं लागलं. तरी मनातल्या मनात मी मिनिटं वजा करत होतो आणि प्रत्येक मिनिट मला टोचत होतं. पुढं तलाव लागतो. रस्ता त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढतो आणि अर्धा किलोमीटर पाण्याच्या कडेनं जातो. पाळीवर चढलो आणि मामानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांब गा, बाबू."

मी गाडी कडेला घेतली. वाटलं, त्याला मळमळलं असेल. तो उतरला.

"घड्याळ बंद कर."

"अजून साकोली यायची आहे, मामा."

"साकोलीपर्यंत काय मोजतं? इथंच गेले ते."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

"पाळीवर चढलो अन् त्याइची मान माझ्या हातावर आली," मामा म्हणाला. तो पाण्याकडं पाहून बोलत होता. "पयले वाटलं चक्कर आली. मंग नाकापाशी बोट नेलं. काईच नव्हतं. पुन्हा नेलं. मंग मी त्याइले तुझ्या पाठीले दाबून धरलं."

"तुम्ही चाल, चाल म्हनत होते. साकोलीपर्यंत."

"मंग काय म्हनू? तुले सांगतलं असतं तं तुझे हात सुटले असते. इकडं पानी, तिकडं धान, समोर गाड्या. एक तं गेला होता. दुसरा जाऊ देऊ? बाईले काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मंग दवाखान्यात? घरी? चार वर्सं झाली, मामा!"

"दवाखान्यात तू डॉक्टरले म्हनत होता, फाटकापर्यंत जिवंत होते, माझ्या पाठीवर भार होता. तू सगळ्याइले हेच सांगत होता. तुले वाटे, तू त्याइले जिवंत आनलं. मी कोन्या तोंडानं म्हनू, नाही आनलं? मले काय मालूम, तू मिनटं मोजत बसला म्हनून."

मला आधी राग आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षं मी त्या काळ्या गाडीचा द्वेष केला होता. चार वर्षं रोज आंघोळ करताना, फाईल लिहिताना, मोजणीच्या शेतात उभं असताना मी तो रस्ता पुन्हा पुन्हा चालवला होता आणि दर वेळी उशीर झाला होता. आणि बाबा पाळीवरच गेले, हे मागं बसलेल्या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. मी पाळ उतरलो आणि पाण्यापाशी जाऊन बसलो.

तिथं बसल्यावर फोन पाहिला. घड्याळ मी बंद केलंच नव्हतं, पण पाळीवर थांबलो तेव्हा साधारण पाच मिनिटं झाली होती. त्या दिवशी शंभर सीसीवर, तिघं बसून, मंडईच्या गर्दीतून निघून इथवर यायला फार तर दहा लागली असतील. मी हिशेब केला, कारण मला दुसरं काही येत नाही. ही साडेतीनशे असती तर त्या दहा मिनिटांत आम्ही पाळ ओलांडून पुढच्या फाट्यापर्यंत गेलो असतो. बाबा पाळीवर गेले नसते, फाट्यापाशी गेले असते. सगळ्या इंजिनाचा फरक एवढाच. साकोली तेव्हाही दूरच होती.

मग मी रडलो. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो इतका रडलो. मामा माझ्यामागं पाळीवर उभा होता, खाली आला नाही. तलावात एक माणूस डोंग्यातून जाळं टाकत होता, त्यानं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि आपलं काम करत राहिला.

वर आलो तेव्हा मामा मागच्या सीटवर हात ठेवून उभा होता.

"अन् ही गाडी असती तं," तो म्हणाला, "मले घरीच राहा लागलं असतं. इथं जागा कुठं आहे? एकटेच बसले असते ते मांग. धरलं कोनं असतं त्याइले? ते पाळीवरच खाली पडले असते, बाबू. तूही पडला असता."

मी त्या सीटकडं पाहिलं. दोन महिने मी इंजिन पाहिलं, वजन पाहिलं, ब्रेक पाहिले, टायर पाहिले. सीटकडं मी पाहिलंच नव्हतं.

मामानं पायातल्या चपला काढल्या. डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर घेतला. मग रस्त्याच्या कडेला, धानाच्या शेजारी तो वाकला आणि माझ्या पाया लागला. साठीचा माणूस, वाकताना त्याला गुडघ्यावर हात ठेवावा लागला.

"खोटं पोटात ठेवून भास्याच्या पाया लागनं होत नव्हतं मले," तो म्हणाला.

मी त्याला उठवलं. लहानपणी पळून जायचो, या वेळी पळालो नाही. एक ट्रॅक्टर आला, त्याला वाट द्यायला दोघं बाजूला झालो. मग मामा म्हणाला, "चाल आता. साकोलीले चाय पिऊ." या वेळी "चाल" ऐकून मला काही झालं नाही.

साकोलीत चहा घेतला, मामाला एकोडीला परत सोडलं आणि लाखनीवरून हायवेनं भंडाऱ्याकडं निघालो. हायवेवर या गाडीला जवाब नाही. पाऊण तास ती एका सुरात चालली, मी तिला पळवलं नाही. उन्हं उतरायच्या आत घरी आलो.

आई ओसरीवर पोपटीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पाळीवरचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ती शेंगा सोलत राहिली. शेवटी तिचे हात थांबले.

"एकटे नव्हते ना मंग?"

"नाही. मामा धरून होते. साकोलीपर्यंत धरून होते."

"सोडलं नाही?"

"नाही सोडलं."

मला वाटायचं की तिच्या डोक्यात चार वर्षं मिनिटं चालू असतील, माझ्यासारखी. तसं नव्हतं. जीव जाताना त्यांना कोणी धरलं नसेल, याला ती भीत होती.

"गाडी मोठी असती तं, असं मी म्हनलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुले लागलं असंल."

"हो आई. खूप लागलं."

तिनं शेंगांचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि चहा ठेवायला उठली.

ज्यांनी हे पान गाडी निवडायला म्हणून उघडलं, त्यांच्यासाठी सरळ सांगतो. दूरचे प्रवास करायचे असतील, हायवेनं जायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर साडेतीनशे डोळे मिटून घ्या. चांगली गाडी आहे. गावरस्ते, धानाचे दिवस, बांध आणि पायवाटा असतील तर जड पडेल. किती सीसी हवी हे कोणी दुसऱ्यानं सांगून कळत नाही. आपल्याला कशासाठी हवी आहे, ते आधी स्वतःला खरं विचारावं. मी चार वर्षं ते विचारलं नव्हतं.

देवाला गाडी धुऊन, टाकी भरून परत दिली. पुढच्या आठवड्यात शोरूमला गेलो. तिथला पोरगा मला आता ओळखतो. तो लगबगीनं साडेतीनशेकडं निघाला. मी त्याला कोपऱ्यातल्या एकशेपंचवीसकडं वळवलं. माझ्या जुन्या गाडीहून इंजिन जरा मोठं, वजन जेमतेम तेवढंच, आणि सीट एकसंध, सपाट, पुढून मागपर्यंत. तो पॉवर सांगायला लागला, टॉर्क सांगायला लागला. मी खिशातून मोजणीची टेप काढली, सीटच्या पुढच्या टोकाला धरायला त्याला सांगितलं आणि मागच्या टोकापर्यंत गेलो.

"सर, इंजिनाचं काही विचारायचं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "इथं नीट धर."